नावापुढचा ड्रॅगन

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका तरुणीने माझ्या हातात कार्ड ठेवले. पूर्वी ती माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होती. आता घरी केक करून विकते. कार्डावर लाल-सोनेरी ड्रॅगन आणि तिच्या नावाखाली ओळ : 'ड्रॅगन वर्षात जन्मलेली. निर्भय. जन्मजात नेतृत्व.'

याला 'पर्सनल ब्रँड' म्हणतात. माणसानेही साबणाच्या वडीसारखी आपली ओळख बाजारात उभी करावी, हा विचार टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकाने १९९७ मध्ये एका मासिकातील लेखातून लोकप्रिय केला. आता त्याला चिनी राशींची जोड मिळाली आहे. जन्मवर्षावरून प्राणी शोधायचा आणि त्याच्या गुणांवरून आपला रंग, चिन्ह, घोषवाक्य ठरवायचे.

माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "सर, माझा यावर विश्वास नाही हो. हे फक्त मार्केटिंग आहे."

तिचा जन्म जानेवारी २००० चा. चिनी वर्ष मात्र १ जानेवारीला सुरू होत नाही. ते चंद्राच्या गतीप्रमाणे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत सुरू होते. २००० साली ते ५ फेब्रुवारीला सुरू झाले. म्हणजे आमची निर्भय ड्रॅगन त्यांच्या हिशेबाने ससा निघाली! आम्ही दोघेही खूप हसलो. पण ती मार्चमध्ये जन्मली असती, तरी माझ्या मनातला प्रश्न मिटला नसता.

ज्योतिषावर विश्वास असेल, तर पहिल्या आज्ञेचा प्रश्न येतो. कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २११६) याबाबत स्पष्ट आहे. आणि विश्वास नसेल, तर आठवी आज्ञा उभी राहते. जे आपण स्वतःच खरे मानत नाही, ते गिऱ्हाइकापुढे आपली साक्ष म्हणून ठेवायचे काय? "पण यात कोणाचे काय बिघडले?" असे ती म्हणाली. तिथे मला जपानची गोष्ट आठवली.

चिनी कालगणनेत बारा प्राणी आणि पाच तत्त्वे मिळून साठ वर्षांचे चक्र होते. हीच गणना जपाननेही घेतली. त्यात 'अग्नि-अश्व' नावाचे एक वर्ष येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट, नवऱ्याच्या मुळावर येणारी, असा तिथला समज. १९०६ च्या अग्नि-अश्व वर्षात जन्मलेल्या मुलींना पुढे लग्न जुळताना याचा जाच झाला. नंतर १९६६ आले. १९६५ मध्ये जपानात सुमारे १८ लाख २० हजार मुले जन्मली होती. १९६६ मध्ये सुमारे १३ लाख ६० हजार. आणि १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या वर. हा काही मागासलेला, अडाणी देश नव्हे. दोन वर्षांपूर्वीच तिथे ऑलिंपिक झाले होते, बुलेट ट्रेन धावू लागली होती. तरीही एका घोड्याच्या भीतीने लाखो घरांतले पाळणे रिकामे राहिले. काही जोडप्यांनी गर्भधारणा टाळली, काहींनी तर पोटातले मूलच नाहीसे केले. आपल्याकडे 'मंगळाची मुलगी' म्हणून कोणा शेजारणीचे लग्न मोडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ज्या वहीने तिला ड्रॅगन दिला, त्याच वहीने त्या मुलींना घोडा दिला. आपल्या पानावर चांगले लिहिले म्हणून वही कामाची, आणि दुसरीच्या पानावर वाईट लिहिले म्हणून ती थोतांड, असे कसे म्हणता येईल? तापल्या लोखंडाने गुरांना डाग देतात, त्यावरूनच ब्रँड हा शब्द आला. स्वतःच्या हौसेने लावून घेतलेला डाग शोभेचा वाटतो एवढेच.

संत ऑगस्टिन तरुणपणी ज्योतिषांच्या नादी लागले होते. त्यांनी आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथात फर्मिनस या मित्राची हकिकत दिली आहे. फर्मिनस जन्मला त्याच क्षणी त्याच्या वडिलांच्या मित्राकडे एका दासीलाही मूल झाले. जन्मवेळ कळवायला दोन्हीकडून माणसे धावली, ती बरोबर अर्ध्या वाटेवर एकमेकांना भेटली. दोघांची पत्रिका एकच. पण फर्मिनस संपत्ती आणि मानमरातबात वाढला, दासीचा मुलगा दासच राहिला. ज्योतिषाने पत्रिका पाहून दोघांबद्दल एकच सांगितले तर ते खोटे ठरणार, आणि वेगवेगळे सांगितले तर ते पत्रिकेवरून सांगितलेले नसणार, हे ऑगस्टिन यांनी ताडले. मला मात्र त्या दासीच्या मुलाचे वाईट वाटते. त्याचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवले नाही.

मी त्या तरुणीला विचारले, "गेल्या पावसाळ्यात एका बाप्तिस्म्याचा केक वाटेत कोसळला, तेव्हा तू काय केलेस?"

"पैसे परत दिले. आणि रात्री जागून दुसरा करून दिला. तुम्हाला कोणी सांगितले?"

"सगळ्या आळीला ठाऊक आहे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, पाचशे कार्डे छापून झाली आहेत. त्यांचे काय करू?"

मी कार्ड उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती.