राजीनाम्यापूर्वीचे दिवस

सरकारी सेवेत काही वर्षे काढलेल्या प्रत्येक सज्जन माणसाने एक वाक्य कधी ना कधी स्वतःशी उच्चारलेले असते : मी ही जागा सोडली, तर येथे माझ्यापेक्षा वाईट माणूस येईल. हे वाक्य मोठे फसवे आहे. आणि ते फसवे अशासाठी, की पुष्कळदा ते खरेही असते. उघड असत्याचा त्याग करणे त्यामानाने सोपे. परंतु जे सत्य आपल्या सोयीचेही आहे, त्याची पारख कशी करावयाची? आपण टिकून आहोत ते लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून, की बढती आणि निवृत्तिवेतन यांच्या ओढीने, हे ज्याचे त्यालाही धडपणे सांगता येत नाही.

रामशास्त्र्यांची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष त्यांनी राघोबादादांच्या पदरी घातला आणि पुणे सोडले. त्या कथेत न्याय आणि अन्याय यांच्यामधली रेघ स्पष्ट आहे. परंतु बहुतेकांच्या वाट्याला असा लखलखीत क्षण येतच नाही. अन्याय हप्त्याहप्त्याने येतो, टिपणीच्या सभ्य भाषेत येतो, आणि सही मागतो तीही एखाद्या किरकोळ कागदावर. म्हणून पद सोडण्याच्या क्षणापेक्षा त्यापूर्वीचे दिवस नीतीच्या दृष्टीने अधिक अवघड असतात. त्या दिवसांचा विचार करावयाचा, तर सेर्गेई कोवाल्योव या रशियन माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते.

कोवाल्योव यांचा जन्म १९३० चा. व्यवसायाने ते जीवशास्त्रज्ञ. मॉस्को विद्यापीठात संशोधन करीत. १९६९ साली सोव्हिएत संघात मानवी हक्कांच्या रक्षणासाठी एक छोटा गट स्थापन झाला. त्यात ते सामील झाले आणि विद्यापीठातील जागेस मुकले. पुढे मत्स्यसंवर्धनाच्या एका केंद्रात काम करीत असताना 'चालू घटनांची बखर' या टंकलिखित पत्रिकेच्या संपादनात त्यांनी भाग घेतला. ही पत्रिका १९६८ मध्ये सुरू झाली. तिच्यात अटका, झडत्या, खटले आणि तुरुंगातील वागणूक यांची नोंद असे. विशेषणे मात्र जवळजवळ नसत. एखादी नोंद चुकीची ठरली, तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापली जाई. वाचणारा आपल्या प्रतीवरून आणखी प्रती टंकून पुढे देई. १९७४ च्या मे महिन्यात कोवाल्योव आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रिया यांनी या पत्रिकेच्या प्रसाराची जबाबदारी स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे स्वीकारली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना अटक झाली.

खटला विल्नियस येथे १९७५ च्या डिसेंबरात चालला. योगायोग असा, की त्याच दिवसांत त्यांचे मित्र आन्द्रेई साखारोव यांना नोबेल शांतता पारितोषिक दिले जात होते. साखारोव यांना देशाबाहेर जाण्याची परवानगी नव्हती. ऑस्लोमध्ये त्यांच्या पत्नीने पारितोषिक स्वीकारले, तेव्हा ते स्वतः विल्नियसला न्यायालयाच्या दाराशी मित्रासाठी उभे होते. कोवाल्योव यांना सात वर्षांची श्रमछावणी आणि त्यानंतर तीन वर्षांची हद्दपारी अशी शिक्षा झाली. ती त्यांनी पूर्ण भोगली.

येथवरचे चरित्र वीराचे आहे, आणि वीराविषयी आदर बाळगणे आपल्याला कठीण जात नाही. कारण तो आपल्यापासून दूर असतो. खरा प्रश्न पुढे सुरू होतो. सोव्हिएत राजवट ढासळली आणि कालचा कैदी सत्तेच्या दालनात आला. १९९० साली ते रशियन प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. १९९३ च्या राज्यघटनेतील नागरिकांच्या हक्कांचे प्रकरण घडविण्यात त्यांचा वाटा होता. राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या मानवी हक्क आयोगाचे ते अध्यक्ष झाले, आणि १९९४ च्या आरंभी देशाचे पहिले मानवी हक्क आयुक्तही. मात्र १९९३ च्या ऑक्टोबरात येल्त्सिन यांनी संसदेवर रणगाडे आणले, तेव्हा कोवाल्योव येल्त्सिन यांच्याच बाजूस होते, हेही सांगितले पाहिजे. त्या निर्णयाबद्दल त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. मोठ्या अरिष्टाच्या भयाने लहान अपवाद पत्करला, की तो लहान राहत नाही.

१९९४ च्या डिसेंबरात रशियन सैन्य चेचन्यात शिरले. आता आयुक्ताने काय करावे? राजीनामा देऊन हात स्वच्छ ठेवावेत, की जागा राखण्यासाठी मौन धरावे? कोवाल्योव यांनी दोन्ही केले नाही. ते ग्रोझ्नी शहरात गेले आणि बाँबवर्षावाखाली तळघरात राहून, मॉस्कोचे अधिकृत निवेदन आणि डोळ्यांसमोरचे प्रेत यांतील अंतर जगाला सांगत राहिले. अर्थात हे सांगणारा मनुष्य शासनाचाच अधिकारी होता. संरक्षणमंत्र्यांनी त्यांना रशियाचा शत्रू म्हटले. १९९५ च्या मार्चमध्ये संसदेने त्यांना आयुक्तपदावरून दूर केले.

तरीही राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सोडले नाही. त्याच जून महिन्यात बासायेवच्या टोळीने बुद्योनोव्स्क येथील रुग्णालयात हजाराहून अधिक माणसे ओलीस धरली. सैन्याचा हल्ला फसला. तेव्हा वाटाघाटी घडवून आणण्यात कोवाल्योव पुढे होते. आणि उरलेले ओलीस सुटावेत म्हणून टोळीबरोबर परतणाऱ्या बसगाड्यांत जे स्वेच्छेने बसले, त्यांतही ते होते. शंभराहून अधिक माणसे तेथे मेली. परंतु बहुसंख्य वाचली. १९९६ च्या जानेवारीत पेर्वोमाइस्कोये गावी पुन्हा ओलीस होते, आणि या वेळी सैन्याने ते गावातच असताना गावावर अग्निबाणांचा मारा केला. त्या महिन्यात कोवाल्योव यांनी येल्त्सिन यांना अनावृत पत्र लिहून राजीनामा दिला. जो राष्ट्राध्यक्ष नागरिकांच्या हक्कांचा रक्षक आहे असे मला वाटत नाही, त्याच्याबरोबर मी काम करू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

या तेरा महिन्यांकडे पाहिले, की आरंभीच्या वाक्याची पारख करण्याचे एक माप हाती येते. पद राखणे हे स्वतः पापही नव्हे आणि पुण्यही नव्हे. पदाने आपली जीभ विकत घेतली आहे काय, हा पहिला प्रश्न. कोवाल्योव पदावर होते, पण एक दिवसही गप्प नव्हते. त्यांची खुर्ची दुसऱ्यांनी काढून घ्यावी अशा रीतीनेच ते तीवर बसले होते. दुसरा प्रश्न असा : आपल्या असण्याने अन्यायाला आवर बसतो, की केवळ शोभा येते? आवर बसत असेल, तोवर अपमान सोसूनही राहावे. आपले नाव ज्या दिवशी अन्यायाच्या दाराला तोरणासारखे लटकू लागते, त्या दिवशी निघावे. आपल्यामागून येणारा वाईट असेल, ही भीती तेव्हाही खरी असू शकते. परंतु त्याचे दुष्कृत्य त्याच्या नावावर पडेल, आपल्या चांगल्या नावाआड लपणार नाही.

यावर कोणी विचारील, की शेवटी निष्पन्न काय झाले? युद्ध थांबले, पण १९९९ मध्ये पुन्हा पेटले. कोवाल्योव २०२१ च्या ऑगस्टमध्ये वारले. ज्या 'मेमोरियल' संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता, ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने विसर्जित केली. पुढच्याच वर्षी तिला नोबेल शांतता पारितोषिकात वाटा मिळाला, हे खरे. पण पारितोषिकाने बंद झालेले दार उघडत नाही. हिशेबाच्या वहीत हे जीवन तोट्याचेच दिसेल.

तथापि हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा, हाच तर मूळ प्रश्न आहे. त्या टंकलिखित पत्रिकेने एकाही कैद्याची बेडी तोडली नसेल. परंतु अमुक माणसाला अमुक दिवशी अमुक कारणासाठी नेले, हे तिने लिहून ठेवले, आणि आज ते नाकारता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ग्रोझ्नीच्या तळघरात जावे लागणार नाही. आपल्यासमोर येईल ती एक नस्ती. तिच्यात जे घडले ते लिहावयाचे, की वरिष्ठांना रुचेल ते, एवढीच निवड असेल. राजीनाम्याचा दिवस कोणाच्या आयुष्यात येईल, कोणाच्या येणार नाही. नस्ती मात्र उद्या सकाळी दहा वाजता मेजावर असेलच.