नकाशात जिथं काहीच नव्हतं

मी पुण्यात नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. इंजिनिअरिंग चंद्रपूरला झालं, तिथला एक मित्र एटापल्ली तालुक्यातला. मागच्या हिवाळ्यात त्याच्या गावी गेलो आणि सूरजागडच्या डोंगरांच्या बाजूला जाणाऱ्या एका पायवाटेनं दोनेक तास चाललो. सवयीनं फोन काढला. निळा ठिपका नुसत्या हिरव्या रंगात तरंगत होता. खाली एकही रेघ नाही.

वाट तर पायाखाली होती. वर्षानुवर्षं पाय पडून खोल गेलेली. नाल्यात ती सरळ उतरत नाही, तिरकी जाते, म्हणजे डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईला झेपेल अशी. एका जागी उगाच वळसा घेते असं मला वाटलं. मित्र म्हणाला, पावसाळ्यात ये, मग कळेल उगाच का ते.

संध्याकाळी त्याच्या आजोबांना विचारलं, वाट किती जुनी? मला साल हवं होतं. ते माडियात बराच वेळ बोलले आणि मित्र मला सांगत गेला. आजोबांची आई या वाटेनं लग्न होऊन आली. तिचं माहेर पलीकडच्या खोऱ्यात. तिची सासूही तिकडचीच. मोह वेचायला, तेंदूपत्त्याला, बाजाराला आणि जानेवारीत ठाकूरदेवाच्या जत्रेला हीच वाट. ठाकूरदेव सूरजागडच्या डोंगरावरचा, सगळ्या इलाक्याचा देव. आजोबांनी साल सांगितलं नाही, पण वाटेचं वय मात्र सांगितलं होतं.

आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की डेटाबेसमध्ये ‘नल’ आणि ‘शून्य’ एक नाहीत. शून्य म्हणजे मोजलं, काही नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. दोन्हींची गल्लत झाली की प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासानं. उपग्रहाला झाडांच्या छतामुळे ही वाट दिसत नाही. तो नल आहे. आपण तो शून्य म्हणून वाचतो आणि म्हणतो, इथं नुसतं जंगल आहे.

कागदांचंही तेच. महसूल कायद्यात वाजिब-उल-अर्ज नावाचं दप्तर आहे. त्यात गावाच्या वहिवाटी लिहायच्या असतात, कोण कुठून जातं, पाणी कुठून घेतं. पण सरकारी मालकीच्या जमिनीवरच्या वहिवाटी त्यात येत नाहीत, आणि इथं तर जंगलच सरकारी. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पहिल्यांदा वेगळं काही केलं: दाव्याला पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो, देवाची झाडं आणि मसणवटाही चालतात. म्हणजे आजोबा बोलले ते आता पुरावा आहे. मला हे वाचून जरा लाजच वाटली. मी ते ‘किस्सा’ म्हणून ऐकत होतो.

याच डोंगरांत लोहखनिज आहे. २००७ मध्ये ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला मिळाला. नकाशावर तो स्वच्छ बहुभुज आहे, त्याला कडा आहेत, दशांशापर्यंत क्षेत्रफळ आहे. वाटेला क्षेत्रफळ नसतं. दोन दावे समोरासमोर आले की ज्याला आकडा आहे तो खरा वाटतो.

पण मला रस्त्याविरुद्ध लिहायचं नाही. पुण्यात बसून पायवाटेचं कौतुक करणं फार स्वस्त आहे. पावसात बाळंतीण अडली की खाटेची कावड करून न्यावी लागते, हे मित्राच्या घरात घडलेलं आहे. त्याला रस्ता हवाय. गंमत म्हणजे वनहक्क कायद्यातच त्याची सोय आहे: ग्रामसभेनं शिफारस केली तर रस्ता, शाळा, दवाखाना यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं न तोडता. म्हणजे तो रस्ता गावानं मागायचा असतो. गावानं मागितलेला रस्ता आणि ‘इथं काहीच नव्हतं’ म्हणून काढलेला रस्ता दिसायला सारखेच, डांबर तेच.

मग ही वाट मी नकाशावर काढावी का? पूर्ण ट्रॅक फोनमध्ये आहे, ओपन स्ट्रीट मॅपवर चढवायला पाच मिनिटं लागतील. काढली नाही तर ती नलच राहणार. काढली तर ती सगळ्यांना दिसणार, आणि या भागात ‘सगळे’ हा शब्द साधा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी इथं खनिज वाहणारी सत्तरहून जास्त वाहनं जाळली. बंदूक घेऊन चालणाऱ्यांनाही वाटा लागतात, दोन्ही बाजूंच्या. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके याच मुलखात इंग्रजांशी लढले. त्यांना पकडून २१ ऑक्टोबरला चांद्यात फाशी दिलं, पण त्याआधी ते काही महिने हाती लागले नव्हते. माझा अंदाज, वाटा कागदावर नव्हत्या, त्याचाही त्यात हात असणार. नोंद नसणं कधी तोटा असतो, कधी आसरा.

आजोबांनाच विचारलं. त्यांनी मित्राकडे बघितलं, मग माझ्या फोनकडे. म्हणाले, वाट माझी एकट्याची नाही, पलीकडच्या गावालाही विचारावं लागेल. मित्र ग्रामसभेत विषय काढणार आहे. ट्रॅक अजून फोनमध्येच आहे, फाइलला मी नावही दिलेलं नाही.