पाळण्यातले आणि नावेतले

नदी ओलांडणे ही माणसाची फार जुनी गरज आहे, आणि कोणी कोणाला पार न्यायचे हा तितकाच जुना प्रश्न. संत ख्रिस्तोफरची आख्यायिका आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हा धिप्पाड पुरुष वाटसरूंना खांद्यावर घेऊन पैलतीरी नेत असे, आणि एके रात्री एका बाळाचे ओझे त्याला पेलवेनासे झाले. १९६९ साली चर्चच्या सार्वत्रिक पंचांगातून त्याचा सण वगळला गेला. आपल्या वाहनचालकांच्या गाड्यांतून मात्र तो अद्याप उतरलेला नाही.

आता खांद्याची जागा पोलादी दोराने घेतली आहे. महाराष्ट्रात दोरमार्ग म्हटला की १९९६ पासून चालणारा रायगडचा पाळणा डोळ्यांपुढे येतो. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. तान्ह्या बाळाच्या ओढीने जी माता रात्री कडा उतरली, तिच्या नावाच्या वाडीतून आज आपण काही मिनिटांत बसल्या बसल्या गड गाठतो! पण तो गडाचा मार्ग. शहरातली नदी ओलांडणारा पाळणा पाहायचा तर गुवाहाटीला जावे लागते. (आसामातही सोनारी नावाचे एक गाव आहे, हे आमच्या परांडा तालुक्यातील सोनारीत सांगितले की लोकांना मौज वाटते.)

गुवाहाटीचा दोरमार्ग २४ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाला. कचारी घाटापासून उत्तर गुवाहाटीतील दौल गोविंद मंदिराच्या परिसरापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटरचे अंतर तो आठ-नऊ मिनिटांत तोडतो. एका पाळण्यात तीस प्रवासी मावतात. दार मिटते, किंचित हिसका बसतो आणि घाटाच्या पायऱ्या, होड्या, माणसे खाली खाली जाऊ लागतात. उमानंदाचे बेट तळहातावर ठेवल्यासारखे दिसते. आम्ही त्या पाळण्यात बसलो होतो, तेव्हा पाण्याचा आवाज अगदी ऐकू येत नव्हता. एवढी प्रचंड ब्रह्मपुत्रा, पण मुकी. खालून एक नाव चालली होती. तीत माणसे दाटीवाटीने उभी होती. त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते.

जुन्या पिढीतील काही जण म्हणतात की नावेने माणसाला माणसाजवळ आणले. नावेत एकजण हलला की सर्वांना तोल सावरावा लागतो. म्हातारीचे गाठोडे कोणीतरी धरतो, शेजाऱ्याचे पोर कोणीतरी मांडीवर घेते. पाळण्यात शेजाऱ्याची गरजच उरत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याचा उमाळा आम्हांला येत नाही. ५ सप्टेंबर २०१८ रोजी याच गुवाहाटीत उत्तर तीराकडे निघालेली यांत्रिक नाव, पाणीपुरवठ्याच्या अर्धवट बांधकामाच्या खांबावर आदळून उलटली. तीत शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली होत्या; काही परतल्या नाहीत. ज्या आईची मुलगी त्या दिवशी बुडाली, तिच्यापुढे नावेतल्या जिव्हाळ्याचे गुणगान करण्याचे धैर्य कोणाला होईल? संकटातून सद्गुण उपजतात हे खरे. म्हणून संकट राखून ठेवावे, असे म्हणण्याचा अधिकार निदान काठावर बसलेल्यांना तरी नाही. मराठवाड्यात पुराच्या दिवसांत गुळाच्या काहिलीत बसून नदी उतरणारी माणसे आम्ही ओळखतो. त्यांच्या तोंडून काहिलीची थोरवी आम्ही कधी ऐकलेली नाही.

खरा पेच पुढेच आहे. दोरमार्ग सुरू झाला तेव्हा एकेरी भाडे ६० रुपये होते. नावेचे भाडे त्या मानाने कितीतरी कमी. रोज पैलतीराहून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईने, येण्याजाण्याचे मिळून, कोणत्या हिशेबात पाळण्यात बसावे? म्हणजे सुरक्षिततेचा मार्ग वर बांधला गेला आणि त्यातून मुख्यतः नदी पाहायला आलेले आमच्यासारखे लोक गेले. जिला नदी पार करणे भागच होते, ती खालीच राहिली. कोलंबियातील मेदेयिन शहरात २००४ साली दोरमार्ग उभारला गेला, तो डोंगरावरील गरीब वस्तीसाठी, आणि मेट्रोच्याच तिकिटात. दोर तोच, यंत्र तेच. पाळणा कोणासाठी टांगायचा, हे मात्र अभियंता ठरवीत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शहरांतील सार्वजनिक वाहतुकीचा आणि तीत रोज माणसांच्या वाट्याला येणाऱ्या हालांचा विषय घेतला, तेव्हा काहींना नवल वाटले होते. आम्हांला वाटले नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तातील याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांचा दोष आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण ते निदान त्याच वाटेवर होते. थांबावे असे मनात आले असते तर थांबता आले असते. पाळण्यातल्या माणसाला सर्व काही दिसते, मात्र थांबण्याची सोयच नसते. शहरात उंच इमारतीतून, बंद काचेच्या गाडीतून, आपल्यापैकी किती जण रोज असेच जातात! थांबता येत नाही म्हणून दोष उरत नाही, असे मानावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. वर बसलेल्याने उतरल्यावर काय केले, हा प्रश्न मागे राहतोच. मार्ककृत शुभवर्तमानात चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडले. तेही वर चढले होते; त्यांनी मात्र खाट हातातून सोडली नव्हती.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेसह इतर नद्यांना पूर आला. आमच्या परांडा तालुक्यात वेढल्या गेलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले. त्या दिवशी पाळणा थेट बुडत्याच्या दारी आला आणि भाडे कोणी विचारले नाही. पाणी ओसरल्यावर तो अर्थातच निघून गेला. पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूल जागच्या जागी आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्यापाशी शाळेची मुले दप्तर डोक्यावर घेऊन पाण्याचा अंदाज घेत उभी राहतात.