संहिता नसलेलं नाटक

अपर्णा धारवाडकर यांचं 'थिएटर्स ऑफ इंडिपेंडन्स' (2005) मी तुमसरहून नाकाडोंगरीला जाताना गाडीत वाचत होतो. स्वातंत्र्यानंतर भारतीय नाटकाने स्वतःचा चेहरा कसा घडवला, त्याचा हा इतिहास. त्यात तेंडुलकर, कर्नाड, मोहन राकेश, हबीब तन्वीर भेटतात. नाकाडोंगरी भेटत नाही. तक्रार तरी कशी करणार? उपशीर्षकातच 'शहरी' हा शब्द आहे.

नाकाडोंगरी माझ्या मामांचं गाव. दिवाळीनंतरच्या मंडईत तिथे रात्री खडीगंमत होते. ढोलकी, डफ, तुणतुणं, लुगडं नेसलेला नाच्या, आणि मामा. मामांकडे संहिता नसते. समोर कोण बसलंय ते बघायचं आणि बोलायचं.

इतिहासकाराला कागद लागतो. खाडिलकरांचं 'कीचकवध' आपल्याला इतकं नीट माहीत आहे, त्यात इंग्रज सरकारचाही हात आहे. कीचकात लोकांना कर्झन दिसला आणि 1910 साली नाटकावर बंदी आली. बंदी म्हणजे फाइल. या सगळ्यामागे 1876चा नाट्यप्रयोग कायदा होता (केंद्राने तो रद्द केला 2018 साली, म्हणजे कर्झन जाऊन शंभर वर्षं उलटल्यावर!). त्याच्या शेवटच्या कलमात एक सूट आहे: जत्रांना आणि धार्मिक उत्सवांतल्या तशाच खेळांना हा कायदा लागू नाही. वाचून आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, ज्याच्यावर सरकारने संशय घेतला त्याची नोंद राहिली. ज्याला सोडून दिलं, ते सकाळी झाडून काढलेल्या मांडवाबरोबर गेलं.

मी सॉफ्टवेअरवाला. ज्याचा लॉग नाही ते घडलंच नाही, अशी आमची सवय. म्हणून परवाच्या मंडईत मी मोबाइल लावला. मामांनी धान मोजताना काटा मारणाऱ्या एका व्यापाऱ्याची अशी काही उतरवली की लोक लोळले. नाव घेतलं नाही. तो दुसऱ्या रांगेत बसून हसत होता. मामांचं धानही त्याच्याकडेच जातं.

सकाळी म्हटलं, यूट्यूबवर टाकतो.

"काहून रे बापू? गावात बोललो, गावातच राहू दे."

मला राग आला. मामा 68 वर्षांचे आहेत, त्यांच्यामागे उभं राहणारं कोणी नाही. हे जपणं माझं कर्तव्य नाही का? पण कर्तव्य कोणाशी? पुढे कधीतरी येणाऱ्या संशोधकाशी, की मामांशी? त्यांना रात्री ते बोलता आलं, कारण सकाळी त्याचा पुरावा उरणार नव्हता. व्यापारीही हसला तो बहुधा त्याच भरवशावर. तोच विनोद त्याच्या जावयाच्या फोनवर पोचला, तर पुढच्या हंगामात काटा कोणावर पडेल?

चेहरा ब्लर करू, आवाज बदलू, असा खास इंजिनियरी तोडगाही सुचला. पण सगळी गंमत त्या आवाजातच आहे.

व्हिडिओ 41 मिनिटांचा आहे. गेल्या महिन्यात फोन बदलला, तेव्हा सगळ्यात आधी तोच कॉपी केला. मामांना अजून सांगितलेलं नाही.