प्रेस्टीनचे दोन दगड

जिल्ह्याचं ठाणं असणं मानाचं खरं, पण तो मान सरकार देतं आणि सरकारच काढून घेतं. वेल्सच्या पूर्व सीमेवरच्या प्रेस्टीनचं असंच झालं. वस्ती तीन हजारांच्या आत, लग नदीचा पूल ओलांडला की इंग्लंड. रॅडनरशायर परगण्याचे खटले मात्र इथे चालत. फिरतीवरचे न्यायाधीश यायचे, त्यांच्या लवाजम्याने गाव भरून जायचं. १८२९ मध्ये न्यायालय आणि न्यायाधीशांचं निवासस्थान अशी ऐसपैस इमारतही उभी राहिली. पुढे परगण्याचा कारभार लॅन्ड्रिन्डॉड वेल्सला गेला. १९५१ मध्ये प्रवासी रेल्वे बंद झाली आणि १९७४ मध्ये रॅडनरशायरच पॉइस या मोठ्या परगण्यात विलीन झालं.

कारभार गेला तरी गावाने जपलेलं बरंच काही राहिलं. सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातल्या दोन दगडांकडेच पाहा. दोन्ही मेरी मॉर्गनचे. ही सतरा वर्षांची मोलकरीण, एका जमीनदाराच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला. स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याबद्दल न्यायाधीश जॉर्ज हार्डिंगने तिला फाशी सुनावली आणि १३ एप्रिल १८०५ रोजी तिला इथेच फासावर चढवलं. पहिला दगड हार्डिंगच्या मित्राने, एका अर्लने, उभारला. त्यावर पाप, पश्चात्ताप आणि न्यायाधीशाच्या दयाळूपणाची स्तुती. मेलेल्या पोरीच्या कबरीवर न्यायाधीशाचे गोडवे! दुसऱ्या दगडावर उभारणाऱ्याचं नाव नाही. मेरीचं नाव, वय, तारीख, आणि स्वतः निष्पाप असेल त्यानेच पहिला दगड मारावा, या अर्थाचं बायबलमधलं वचन. बस.

हा दुसरा दगड म्हणजे गावाचा विवेक, असं म्हणायचा मोह होतो. पण तिला दोषी ठरवणारे ज्यूरीतले लोकही याच परगण्यातले होते, हे विसरून चालणार नाही. शेजारपाजार निवाडा करतो आणि मागाहून हळहळतोही.

इथल्या टिकाऊ गोष्टी बऱ्याचदा अशा गावकऱ्यांनीच लावून दिलेल्या असतात. लोकरीचा व्यापारी जॉन बेडोज याने १५६५ मध्ये शाळेसाठी मिळकत दिली. रात्री चर्चची घंटा वाजवण्याची तजवीजही त्याचीच. ती घंटा शतकानुशतकं वाजत राहिली. १९८३ पासून ऑगस्टमध्ये संगीत महोत्सव भरतो, मैफली त्याच चर्चमध्ये होतात. रसिक आवारातून आत जातात, ते मेरीच्या कबरीजवळूनच.

न्यायाधीशांचं ते निवासस्थान १९९७ पासून संग्रहालय झालं आहे. वर न्यायाधीशाच्या खोल्या, खाली नोकरांची जागा आणि कैद्यांच्या कोठड्या, सगळं जुन्या दिव्यांच्या उजेडात पाहता येतं. गावाने अर्लचा दगड काढून टाकला नाही, हे मला विशेष वाटतं. दुसऱ्या दगडाचं मोल पहिल्याशेजारी उभं राहिल्यावरच कळतं. कधी तिकडे गेलात तर दोन्ही वाचा, आणि अर्लचा आधी.