ड्युटीचा फळा आणि सकाळचा बदल

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं एकामागून एक रद्द झाली आणि वैमानिकांच्या ड्युट्या कोण, कशा लावतो हा विषय पहिल्यांदाच चारचौघांत बोलला गेला. साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणणारे नियम त्या वर्षी दोन टप्प्यांत लागू झाले होते, आणि कंपनीला माणसं पुरेनात. चर्चा बहुतेक प्रवाशांच्या हालांचीच झाली. सोयीच्या फेऱ्या मर्जीतल्यांना आणि पहाटेच्या बाकीच्यांना, ही वैमानिकांची जुनी कुरकुर तिच्या कडेला राहिली. तिच्यावरचं उत्तर मात्र सगळ्यांकडे तयार असतं: संगणकाला वाटू द्या, माणूस मधून काढा.

या उत्तराचा मला कंटाळा आला आहे. तो का, हे सांगायला विमानापेक्षा एसटी बरी.

बीडला विमानतळ नाही. जिल्ह्याच्या गावी नगरहून रेल्वे पोचायलाही 17 सप्टेंबर 2025 उजाडला. परळीकर सोडले तर आमच्या पिढ्या लाल गाडीवर वाढल्या. निजामाच्या रस्ते वाहतूक खात्यापासून आजच्या महामंडळापर्यंत मालक बदलले, पण ड्युटी लावणारं टेबल जागचं हललं नाही. गेवराई असो, माजलगाव असो की धारूर, आगारातल्या चालक-वाहकांना विचारा, पगाराच्या खालोखाल तक्रार या टेबलाची असते. पुण्या-मुंबईची लांब पल्ल्याची गाडी कुणाला, ओव्हरटाइम कुणाला, आणि जिथं रात्री पाठ टेकायला धड जागा नाही आणि सकाळी तोंड धुवायला पाणी नाही अशा गावची मुक्कामी गाडी कुणाच्या नशिबी? कुणाची सुट्टी मंजूर होते, कुणाला ऐनवेळी स्पेअरमधून उचलून डबल ड्युटी लावतात? 2021-22 च्या लांबलेल्या संपात विलीनीकरणाच्या घोषणेखाली हे सगळं दबून गेलं. विलीनीकरण झालं असतं तरी टेबल तेच राहिलं असतं.

सेवाज्येष्ठतेनं वाटा म्हणणारे स्वतः ज्येष्ठ असतात. खासगीकरणानं पक्षपात संपेल म्हणणाऱ्यांनी इंडिगोकडेच पाहावं. संगणकवाद्यांना मात्र एवढ्यावर सोडता येत नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात निम्मं खरं आहे.

त्यांचं म्हणणं असं की पक्षपात डोळ्यांतून शिरतो. ड्युटी लावणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो, त्याचं आडनाव, त्याची संघटना, त्याचा मामा दिसतो. डोळेच काढून घेतले की झालं. 2025 मध्ये बीड पोलिसांनी नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली ती याच भावनेतून. ज्या जिल्ह्यात प्रत्येक गोष्ट जातीच्या मापानं मोजली जाते तिथं हे पाऊल धीराचं होतं, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. पण पाटीवर आडनाव नसलं म्हणून ते कुणाला ठाऊक नसतं असं नाही. ज्या आगारात शे-दीडशे माणसं वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, तिथं कोण कुणाचा कोण हे लेकराबाळांनाही पाठ असतं.

समजा, संगणकानं खरोखरच आंधळं वाटप केलं. सोमवारचं रोटेशन निर्दोष निघालं. मग पहाटे साडेचारला एक चालक तापानं फणफणला, पाच वाजता एक गाडी सुरूच होईना, सहा वाजता वरून निरोप आला की सावरगावच्या दसरा मेळाव्याला किंवा आषाढीला पंढरपूरला जादा गाड्या सोडायच्या आहेत. आता फळ्यावरची नावं इकडची तिकडे होणार, आणि ती संगणक नव्हे, वाहतूक नियंत्रक करणार. कुणी 'गैरहजर' आणि कुणी 'उपलब्ध' हेही संगणकाला माणूसच सांगणार. त्या नोंदी हातात असल्या की वाटपाला हात लावायची गरजच पडत नाही.

विमानांच्या जगात हे सिद्ध होऊन गेलं आहे. जून 2025 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं एअर इंडियाच्या तीन अधिकाऱ्यांना वैमानिकांच्या ड्युट्या लावण्याच्या कामातून हटवायला सांगितलं. परवाना, विश्रांती आणि अलीकडचा उड्डाणानुभव यांचे नियम मोडून माणसं विमानावर पाठवली गेली होती. तिथं संगणक नव्हता का? चांगला होता. उलट एका प्रणालीतून दुसरीत गेल्यानंतरच्या तपासणीतच हे उघडकीला आलं. 2017 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या संगणकानं चुकून नाताळच्या काळात इतक्या वैमानिकांना सुट्ट्या देऊन टाकल्या की हजारो उड्डाणांना वैमानिकच उरला नाही. त्यात पक्षपात नव्हता, हे मान्य करायला हवं!

म्हणून मी वाटप आणि बदल या दोन गोष्टी वेगळ्या धरतो, आणि हा फरक मला सोडवत नाही. वाटप आठवड्याचं असतं, नियमानं होतं, सगळ्यांसमोर लागतं. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं कामाच्या वेळांची सूचना लावणं बंधनकारकच केलं होतं. बदल पाच मिनिटांत होतो, तोंडी होतो, आणि तो होताना साक्षीला बहुधा फक्त ज्याचा फायदा झाला तोच असतो. मर्जी बदलात राहते. आपली सगळी सुधारणा वाटपाच्या मागे लागलेली.

बदलाचा अधिकारच काढून घ्या, असंही मी म्हणणार नाही. तसं केलं तर पहाटेची गाडी फलाटावरच उभी राहील. शिवाय काही बदल न्यायाचेच असतात. ज्या गावात दार लावायची सोय नाही तिथल्या मुक्कामी गाडीवरून महिला वाहकाचं नाव काढलं, तर सहकारी त्याला लाड म्हणतात. कारण माहीत नसतं म्हणून म्हणतात. कारण लिहिलेलं असतं, तर काहींनी तरी तसं म्हटलं नसतं, आणि उरलेल्यांशी निदान भांडता आलं असतं. आंधळ्या वाटपात त्या बाईंनाही त्याच गाडीवर जावं लागेल, याला समता म्हणणारे मला भेटले आहेत.

माझी मागणी छोटी आहे. नाव बदललं की त्याच फळ्यावर, त्याच नावासमोर, बदलाचं कारण आणि बदल करणाऱ्याची सही. वाहतूक नियंत्रक म्हणेल, पहाटे एवढा वेळ कुठं आहे? गाडी उशिरा सुटली तर तिचं कारण नोंदवायला वेळ मिळतोच की.

खरी अडचण दुसरी आहे. 'अमक्या साहेबांच्या पीएचा फोन' असं कारण कोण लिहिणार? कुणीच नाही, तिथं 'प्रशासकीय सोय' लिहिलं जाईल. लिहू द्या. एकाच माणसाच्या नावासमोर महिन्यात चौथ्यांदा प्रशासकीय सोय आली, की ती वाचणारे शे-दीडशे जण आगारात आहेत, आणि त्या पहाटे कोण कुठं होतं हे त्यांना सहीवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.