घोड्यांना पाणी



आजचा श्लोक : गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

गीता जवळजवळ सांगून झाली आहे. आणि इथे येऊन भगवंत निर्णय अर्जुनाच्या हातात देतात. सगळं विचारात घे आणि मग तुझं तू ठरव, असा या श्लोकाचा भाव. मी हा श्लोक कित्येकदा वाचून पुढे गेलो होतो. तो मला अडला हिमाचलमध्ये, एका होमस्टेच्या व्हरांड्यात.

माझी बायको एमटीबी चालवते. २००५ साली सुरू झालेली एमटीबी हिमालय ही शर्यत कितीतरी वर्षं तिच्या डोक्यात होती. देवदारांच्या जंगलातून, सफरचंदांच्या बागांजवळून, दगडधोंड्यांवरून रोज कित्येक तास सायकल, आणि तेही सलग अनेक दिवस. मी सपोर्टला. म्हणजे काय? तर पहाटे तिच्यासाठी खिचडी टाकायची, चेन पुसून तेल घालायचं, ब्रेक पॅड बघायचे, चिखलाचे कपडे धुवायचे. आणि संध्याकाळी ती वैतागली तर उपाय न सुचवता ऐकून घ्यायचं. आपली इंजिनिअरची सवय बग दिसला की फिक्स करायची, त्यामुळे हे शेवटचं काम मला सगळ्यात जड.

द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. जयद्रथवधाचा दिवस. घोडे दमलेत, बाणांनी जखमी झालेत. भर रणात श्रीकृष्ण त्यांना रथापासून सोडतात, अंगातले बाण काढतात, पाणी पाजतात, त्यांना चोळतात. ज्यांनी गीता सांगितली, त्यांचेच हे हात! रोज सायकल धुताना मला हा प्रसंग आठवायचा आणि खरं सांगू, स्वतःबद्दल जरा भारीच वाटायचं.

चौथ्या दिवशी ती उतारावर पडली. गुडघा सुजला. डॉक्टरांनी तपासलं. चालवू शकतेस, पण दुखणं वाढलं तर थांब, असं सांगितलं. सायकलचा हँगर वाकला होता. मागचा डिरेलर ज्या छोट्याशा पट्टीवर बसतो, ती ही पट्टी. फ्रेम वाचावी म्हणून आधी तिनेच वाकायचं, अशीच तिची रचना असते. पण बऱ्याच फ्रेमचे हँगर वेगवेगळे. डोंगरातल्या दुकानात मिळायची आशाच नाही.

दुसऱ्या दिवशी जलोडी खिंडीचा चढ होता. उंची ३,१०० मीटरच्या वर. ती म्हणाली, "अरे, स्पेअर हँगर आणलाय का आपण?"

आणला होता. माझ्या बॅगेत, मोज्यांच्या खाली. 

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. तिचा गुडघा वाचला असता, माझी भीती संपली असती आणि दोष पडला असता नशिबावर. कुणाला कळलंही नसतं. मंडळी, मी किती वेळ गप्प होतो ते आठवत नाही, पण तेवढ्या वेळात मी स्वतःला पूर्ण पटवलं होतं की हे खोटं म्हणजे प्रेमच आहे.

सारथ्याला हा मोह नवा नाही. भीष्मपर्वात खुद्द श्रीकृष्ण शस्त्र न धरण्याचा शब्द बाजूला ठेवून रथातून उडी घेतात, चक्र घेऊन भीष्मांवर धावून जातात. अर्जुन मागून पळत जाऊन त्यांचे पाय धरतो आणि लढायची जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. लढाई अर्जुनाची होती. ती त्याच्याकडून काढून घेतली असती, तर तो वाचलाही असता कदाचित, पण मग अर्जुन उरला असता का?

मी सगळं सांगितलं. हँगर आहे. गुडघ्याची सूज कालपेक्षा जास्त दिसते. उद्याचा चढ लांब आहे. आणि मला भीती वाटते. मग गप्प बसलो.

ती म्हणाली, "बसव."

दुसऱ्या दिवशी खिंडीच्या बरंच अलीकडे तिने स्वतःच सायकल बाजूला घेतली. शर्यत संपली. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? "बघ, मी म्हणत होतो ना." त्याची लाज आजही वाटते. निर्णय तिच्यावर सोपवला होता, पण बरोबर ठरायची हाव मी माझ्याकडेच ठेवली होती.

रात्री तिला हँगरचं खरं सांगितलं. ती खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माहीत होतं. तू सारखा बॅगेकडे बघत होतास."

जिवावर बेतलं असेल तर आधी अडवायचं, विचार नंतर. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपण रोज जे अडवतो, ते बहुतेक वेळा जिवावरचं नसतं, आपल्या भीतीचं असतं. आईबाबांना अर्धीच माहिती सांगतो, जोडीदाराला एखादा मेल दाखवत नाही, आणि त्याला काळजी म्हणतो. भगवंतांनी मात्र काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि मगच अर्जुनाला ठरवायला सांगितलं. नुसतं "तुझं तू बघ" म्हणणं सोपं आहे. आधी सगळं खरं सांगणं, हे अवघड.

आजच्यासाठी एकच प्रश्न : कुणाचा हँगर आपल्या बॅगेत लपवून ठेवलाय का?

राम कृष्ण हरी.